शाळेच्या आरोग्यकक्षात पोटाचे आवाज ऐकताना

जीएनएम या परिचर्येच्या पदविकेची तीन वर्षे आणि रुग्णालयातील दोन वर्षांची नोकरी पाठीशी घेऊन मी कोल्हापूरजवळच्या एका निवासी शाळेत परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा मुलांच्या पोटदुखीचे काय एवढे, असेच मला वाटत होते. रुग्णालयात शंका आली तर डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात. शाळेत मात्र एक खाट, वजनकाटा, थर्मामीटर, स्टेथोस्कोप आणि नोंदवही एवढ्याच बळावर, मुलाला वर्गात पाठवायचे, खाटेवर ठेवायचे की गाडी मागवायची, हे आपल्यालाच ठरवावे लागते. नव्याने शालेय परिचर्येत येणाऱ्या मुलींसाठी हा अनुभव लिहीत आहे.

सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ‘सिस्टर, पोट दुखालंय’ असे सांगत येणारी मुले आणि ‘पोटात गुडगुडालंय’ असे सांगणारी मुले यांत मी पहिल्यापासून फरक करत आले आहे. कारण दुसऱ्या प्रकारातील मूल आपल्याला नेमके काय होते ते सांगत असते. आतड्यातील हवा आणि द्रव पुढे ढकलले जाताना हा आवाज होतो. उपाशी पोटी तो मोठा होतो, जुलाबात वाढतो, आणि ज्या मुलांना दूध पचत नाही त्यांच्या पोटात दूध प्यायल्यावर काही वेळाने अक्षरशः खळखळाट ऐकू येतो. सुट्टीत घरी जाऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला रिचवून आलेली दोन-तीन पोरे सोमवारी माझ्या दारात हमखास उभी असतात. त्यांची शी पातळ असते, पोट मऊ असते आणि हसू शाबूत असते. त्यांच्यासाठी फार काही करावे लागत नाही.

ऐकण्याची रीत मात्र शिकून घ्यावी. पोटाची तपासणी आधी पाहून, मग ऐकून आणि शेवटी हात लावून करावी, कारण आधी दाबले तर आवाज बदलू शकतात. पंखा बंद करावा, मैदानाकडची खिडकी लावावी, मुलाला उताणे झोपवून गुडघे थोडे दुमडायला सांगावेत आणि स्टेथोस्कोपची चकती तळहातावर घासून कोमट करावी; थंड चकती लागताच पोट आक्रसते आणि पुढचे सारेच अवघड होते. सुरुवात बेंबीच्या खाली उजवीकडून करावी, कारण लहान आतडे मोठ्या आतड्याला तिथे मिळते आणि तिथे आवाज सहसा सापडतोच. मिनिटाला साधारण ५ ते ३० आवाज सामान्य समजतात. ‘आवाज नाही’ असे लिहिण्यापूर्वी पूर्ण पाच मिनिटे घड्याळ लावून ऐकावे. अर्ध्या मिनिटात काही ऐकू आले नाही, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की आपण अर्धेच मिनिट ऐकले.

गुरगुरण्याने नवशिक्या घाबरतात. मला भीती वाटते ती शांत, फुगलेल्या, कडक पोटाची. आणि त्याच्या जोडीला आणखी एका आवाजाची. पितळी तांब्यात थेंब थेंब पाणी पडावे तसा उंच, टिणटिणता आवाज कळेच्या लाटेबरोबर येऊ लागला, तर आतड्याची वाट कुठेतरी अडली असण्याची शक्यता असते. तरीही केवळ आवाजावरून निदान होत नाही. अनुभवी डॉक्टरांचेही कान इथे चुकतात.

माझी चूक इथेच झाली. पहिल्याच वर्षी पाचवीतला एक मुलगा पोट धरून आला. मी सदऱ्यावरूनच चकती ठेवली, मोठा गडगडाट ऐकला, ‘गॅस झालाय’ म्हणाले आणि ओव्याचे पाणी देऊन त्याला बसवून ठेवले. दोन तासांनी त्याला हिरवी उलटी झाली. घाईने सदरा वर केला तेव्हा बेंबीच्या वर आडवा, जुना, पांढुरका व्रण दिसला. तान्हेपणी त्याच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. त्या जुन्या जखमेमुळे आतडी एकमेकांना चिकटून वाट अडली होती. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या आरोग्यपत्रिकेत ते लिहिलेले होते. ती पत्रिका माझ्याच कपाटात होती.

म्हणून आता सदरा पूर्ण वर केल्याशिवाय मी काहीही ऐकत नाही. हात लावायचा झाला की मुलाचाच हात खाली ठेवून त्यावर माझा ठेवते. त्यामुळे गुदगुल्या होत नाहीत. जे मूल हात लावण्याआधीच कळवळते त्याला ‘फक्त ऐकते’ असे सांगून, आवाज मोजून झाल्यावर, चकतीच हलके दाबते आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. चेहरा आक्रसला नाही तर जीव थोडा भांड्यात पडतो. खाटेवरून उतरून एका पायावर उडी मारायला सांगावी. ज्याचे बेंबीपाशी सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली सरकले आहे असे, अपेंडिक्स सुजलेले मूल वाकून उभे राहते आणि उडी मारायचे नाव काढत नाही. खोकला आणि ताप आहे का तेही विचारावे, कारण फुप्फुसाच्या खालच्या भागातील न्यूमोनिया मुलांमध्ये पोटदुखीच्या रूपाने येऊ शकतो. मोठ्या मुलींना पाळीबद्दल आणि मुलांना अंडकोषाच्या दुखण्याबद्दल, शिक्षिकेला किंवा वॉर्डनला सोबत ठेवून, सरळ शब्दांत विचारावे. मुले लाजेने पोटच दुखते म्हणतात आणि अंडकोषाला पीळ पडला असेल तर पहिले सहा तास मोलाचे असतात.

शिक्षकवर्गाचे ठरलेले निदान म्हणजे जंत. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाची नोंद पाहून कोणाला गोळी मिळाली आणि कोण गैरहजर होते हे सांगता येते. पण फुगलेल्या, दुखऱ्या पोटावर आपल्या मनाने जंताची गोळी देऊ नये, कारण जंतांच्या गुंत्यानेही आतडे अडू शकते. हिरवी किंवा रक्ताची उलटी, फुगलेले कडक पोट, उभे न राहवणे, यांपैकी एकही दिसले तर तोंडाने काही न देता, पोट साफ होण्याचे औषध किंवा एनिमा न देता १०८ ला फोन करावा आणि पालकांना कळवावे. आमच्याकडची मुले बहुधा सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, जातात. सोबतच्या चिठ्ठीत निदान लिहू नये. किती वाजता काय पाहिले, काय ऐकले, शेवटची शी कधी झाली, एवढेच लिहावे.

त्या मुलाबरोबर रुग्णालयात गेले तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला: याने शेवटचे काय आणि किती वाजता घेतले? ओव्याचे पाणी मी कुठेच नोंदवले नव्हते. आठ की साडेआठ, हे आठवण्यात मी कितीतरी वेळ घालवला. मुलगा तीन आठवड्यांनी शाळेत परत आला. त्याच दिवशी नोंदवहीत पट्टीने आणखी एक रकाना आखला: ‘तोंडावाटे काय, किती वाजता’.