पक्ष्यांची चित्रं काढताना या चुका टाळा

पक्षी काढायला नव्याने बसलेल्यांच्या वहीत एक चित्र हमखास सापडतं. डोळा आणि चोच अगदी निगुतीने काढलेली, मानेवरचं एकेक पीस भरलेलं, आणि शेपटीला कागदच उरलेला नाही. इथे हात कमी पडलेला नसतो, क्रम उलटा झालेला असतो. उजेडाविरुद्ध तारेवर बसलेला कोतवाल आपण नुसत्या काळ्या आकृतीवरून ओळखतो. त्याचं ताठ बसणं आणि टोकाशी दुभंगलेली शेपटी तेवढ्याला पुरते. आधी कागदावर यायला हवी ती ही ढब. पिसं सगळ्यात शेवटी.

पहिली रेघ शरीराच्या कलाची मारा. कोतवालाची जवळजवळ उभी येईल, धोब्याची आडवी. तिच्यावर धडाचा लंबगोल, मग डोक्याचा गोल, मग शेपटी. इथे थांबा आणि मापं ताडून पाहा. डोकं धडात किती वेळा बसतं? चोच डोक्याच्या मानाने केवढी? खंड्याची चोच डोक्याइतकी किंवा त्याहूनही लांब असते, पण नवखा हात ती छोटी करतो आणि मग कितीही सुंदर निळा भरला तरी तो खंड्या वाटत नाही.

पक्षी उडून गेला आणि चित्र अर्धंच राहिलं

राहू द्या. एकाच पानावर पाच-सहा आकृत्या सुरू ठेवा. पक्षी त्याच त्या ढबीत पुन्हा पुन्हा येतो. वेडा राघू तर किडा पकडून बहुतेक वेळा त्याच फांदीवर परततो. तो जसा बसेल ती अर्धवट आकृती पुढे न्यायची. दुर्बीण डोळ्याला लावून चित्र काढण्याची कसरतही करू नका. मनापासून बघा, दुर्बीण खाली ठेवा, आणि लक्षात राहिलं तेवढंच काढा. जे आठवलं नाही, ते पुढच्या वेळी नेमकं बघायचं.

सुरुवातीलाच रोहित पक्षी काढायला भिगवण गाठायची घाई असते. तिथे पक्षी लांब असतात, ऊन चढलं की हवा थरथरते आणि तपशील हाती लागत नाही. थव्यात एकच ढब अनेकांमध्ये सापडते हा फायदा खरा, पण तो थोडा सराव झाल्यावर. माझ्या मते पहिला गुरू वंचक, म्हणजे पाणथळीतला छोटा भुरकट बगळा. तळं, भातखाचर, गावाबाहेरचा ओढा, कुठेही भेटतो आणि भक्ष्याची वाट बघत बराच वेळ निश्चल उभा राहतो. फक्त त्याच्या आखडलेल्या मानेला फसू नका. मान आखूड नाही, इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडलेली आहे. हे मनात ठेवून काढलं की छातीचा फुगवटा आपोआप जागेवर येतो.

पक्षी फांदीवरून पडेल असं वाटतंय

पाय तपासा. नवख्यांची सगळ्यात जास्त चित्रं इथेच फसतात. पक्ष्याचा जो ‘गुडघा’ उलटा, मागे वळलेला दिसतो तो खरं तर घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत दडलेला असतो. त्यामुळे धडाच्या खाली दोन काड्या खोचल्या की पक्षी निर्जीव होतो. मांडी पिसांच्या आत पुढे झुकते, तिथून नडगी मागे येते आणि घोट्यापासून पाय पुन्हा पुढे खाली उतरतो. शेकाट्याच्या लांब गुलाबी पायांवर हे स्वच्छ दिसतं.

मग पंजातून वर एक पुसट उभी रेघ काढा. धडाचं वजन तिच्या दोन्ही बाजूंना तोललेलं वाटायला हवं. एका पायावर उभा बगळा असेल तर तो पाय धडाच्या मध्याखाली सरकतो. बोटंही मोजा: साळुंकी, बुलबुल यांची तीन पुढे, एक मागे, पोपट, तांबट, भारद्वाज यांची दोन पुढे, दोन मागे.

पिसांचे खवले झालेत

मिटलेल्या पंखात पिसांचे गट असतात. खांद्याजवळ बारीक पिसं, त्याखाली झाकणाऱ्या पिसांच्या ओळी, मग उड्डाणाची लांब पिसं. त्यातली टोकाकडची सर्वांत लांब पिसं आतल्या पिसांखाली सरकून बसतात आणि शेपटीकडे त्यांची फक्त टोकं दिसतात. गटांच्या कडा काढा, सुटं पीस दोन-तीन ठिकाणीच दाखवा.

डोळा अधांतरी वाटत असेल तर चोचीच्या दोन भागांमधली फट मागे वाढवून बघा. बहुतेक पक्ष्यांत डोळा त्या रेघेच्या किंचित वर येतो. चमकेचा ठिपका एकच ठेवा, उजेड येतो त्या बाजूला.

फोटोवरून काढलं तर?

तपशील पडताळायला फोटो उत्तम, पण शिकायला नाही. त्यात एकच निमिष गोठलेलं असतं आणि लपलेला पाय लपलेलाच राहतो. १६१२ मध्ये मुघल दरबारातल्या मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेले अपरिचित पशुपक्षी पाहून जहांगीराने त्यांची चित्रं काढायचा हुकूम दिला, आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने टर्की रंगवला. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्या पक्ष्याच्या गळ्याच्या सुरकुत्या पाहा. समोरचं निरखून काढणं म्हणजे काय ते कळतं.

रंगांचा चिखल

पहिला थर ओला असतानाच दुसरा चढवला की हे होतं. जलरंगाला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या आणि वाळू द्या. कोतवालाला ट्यूबमधला काळा सपाट करतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) मिसळून गडद करा आणि चमकेची जागा कोरी सोडा. बगळा पांढरा रंगवायचा नसतोच. मागचं गवत रंगवा, म्हणजे कोऱ्या कागदातून तो उठून येतो. त्याच्या सावलीत फिका निळा आणि पोटाखाली गवताचा हिरवट उजेड पुरतो.

घरट्याजवळ बसून चित्र काढू नका आणि पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाजही वाजवू नका. पालक पक्षी दूर राहिले तर पिल्लांची उपासमार होते.

पावसाळ्यात कागद दमट होतो, थर वाळायला फार वेळ लागतो. वंचकाची पाठ तपकिरी-लाल होते तीही याच दिवसांत. तेव्हा बाहेर नुसती पेन्सिल न्या, आकृतीशेजारी रंग शब्दांत लिहा, तारीख आणि जागा टाका, आणि घरी पंख्याखाली रंगवायला घ्या.