मोठ्या पार्कमध्ये निवांत दिवस घालवायचाय? मग या चुका टाळा

दिवसभरासाठी पार्कात गेलेले निम्मे लोक तिथे आराम करायला गेलेलेच नसतात, पार्क ‘कव्हर’ करायला गेलेले असतात. तळं झालं, फुलांची बाग झाली, आता ते कारंजं राहिलं, चला चला उठा, आणि दुपारी दोन वाजता सगळ्यांचे पाय भरून आलेले, पोरं किरकिर करतायत आणि निवांतपणाचे तीनतेरा. मुळात पार्क किती मोठं आहे याचा अंदाजच नसतो. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घ्या, ८४३ एकर, लांबीच चार किलोमीटर, आणि वाटा मुद्दाम वळणावळणाच्या. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या दोन रचनाकारांचं डिझाइन १८५८ मध्ये निवडलं गेलं, त्यात शहरातल्या सरळ रस्त्यांचा विसर पडावा हाच हेतू होता. अशा ठिकाणी मॅपवर बोटभर दिसणारं अंतर चालायला घेतलं की संपता संपत नाही. त्यामुळे एकच जागा धरा, तिथे तळ ठोका, आणि फिरायचंच असेल तर तिथून एक चक्कर मारून परत या. बाकीचं पार्क कुठे पळून जात नाही.

जागा निवडताना बहुतेक जण व्ह्यू बघतात. व्ह्यू नंतर, आधी टॉयलेट आणि प्यायचं पाणी किती लांब आहे ते बघा. पाचेक मिनिटांवर असेल तर उत्तम, अगदी शेजारी मात्र नको, दिवसभर लोकांची ये-जा आणि वास.

सावलीच्या बाबतीत तर जवळजवळ सगळेच चुकतात. सकाळी दहाला झाडाखाली गारेगार सावली दिसते, आपण बरोब्बर तिच्या मधोमध चटई टाकतो, डबे काढतो, आडवे होतो, आणि साडेअकराला ऊन तोंडावर. सूर्य आकाशात तासाला साधारण १५ अंश सरकतो, मग सावली कशी थांबेल? सकाळी ती झाडाच्या पश्चिमेला लांब पडलेली असते, दुपारपर्यंत आखडत खोडाकडे येते आणि नंतर पूर्वेला जाते. म्हणून सकाळी बसताना सावलीच्या बाहेरच्या टोकाला बसू नका, खोडाच्या बाजूला सरका. आणि एकट्या झाडापेक्षा तीन-चार झाडांचा घोळका कधीही बरा, एकाची सावली गेली की दुसऱ्याची येते. बसण्याआधी एकदा मान वर करून वाळकी फांदी वगैरे लटकत नाही ना तेही बघून घ्या (आणि पक्षी नेमके कुठे बसलेत तेही, सांगायला नको).

मग जमीन. गवत वरून कोरडं दिसतं पण तळहात जरा वेळ दाबून धरला की ओल कळते. चटईखाली प्लॅस्टिकची शीट टाकली तर बूड ओलं होत नाही. मुंग्यांची रांग दिसली तर तिथे बसूच नका, फुंकर मारून त्या काही जात नाहीत. आणि गवतात स्प्रिंकलरचं तोंड दिसलं तर गपचूप दुसरी जागा शोधा.

चुकामूक झाली की ‘मी त्या मोठ्या झाडापाशी आहे’ हे उत्तर काही कामाचं नाही, पार्कात झाडंच असतात. आल्या आल्या लोकेशन पिन ग्रुपवर टाका, मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, आणि आजूबाजूच्या खांबांवर किंवा बाकांवर नंबर असतील तर एक फोटो काढा. सेंट्रल पार्कच्या दिव्याच्या खांबांवर चार आकडे असतात, साधारणपणे पहिले दोन म्हणजे जवळच्या रस्त्याचा नंबर, शेवटचा आकडा सम असेल तर पूर्वेची बाजू, विषम असेल तर पश्चिमेची. भारी आयडिया आहे.

तळ्यातल्या बदकांना ब्रेड टाकू नका. त्यांना त्यातून पोषण मिळत नाही आणि उरलेलं पाण्यात कुजतं. पोरं हट्ट करतील, तर करू दे.

आभाळ गडगडायला लागलं की लोक पहिले झाडाखाली पळतात, हीच सगळ्यात डेंजर चूक. उघडा मंडप पण चालत नाही, पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली गाडी गाठा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडू नका, पाऊस थांबला असला तरी.

आणि हो, गेट. मोठ्या पार्कांना बरीच गेटं असतात आणि सगळी एकाच वेळी बंद होतील असं काही नाही, तेव्हा आत शिरतानाच बोर्डवरची वेळ वाचा, नाहीतर संध्याकाळी सगळं सामान उचलून गाडी लावलेल्या गेटाशी जावं तर तिथे कुलूप आणि मग अख्ख्या पार्काला वळसा.