अमिनो आम्लाचं मॉडेल घरी कसं बनवावं: मैद्याचे गोळे, टूथपिक आणि एक ए-फोर कागद

प्रथिनांबद्दल वाचताना 'अमिनो आम्लांची माळ' हे शब्द सगळ्यांच्या कानांवरून जातात. पण ती माळ हातात घेऊन फिरवून पाहिलेली माणसं फार थोडी. मी गेली बरीच वर्षं मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून ही मॉडेलं करून घेते आहे, आणि माझं मत ठाम आहे. पुस्तकातली सपाट आकृती शंभर वेळा काढून जे कळत नाही, ते एक मॉडेल नीट केलं की अर्ध्या तासात कळतं. अडचण त्या 'नीट' शब्दात आहे. शाळांच्या प्रदर्शनांत मांडलेली बहुतेक मॉडेलं चुकीची असतात, आणि चुकतात ती एकाच जागी.

आपण दोन अमिनो आम्लं बनवू, अ‍ॅलनिन आणि ग्लायसिन, आणि मग ती एकमेकांना जोडू. अ‍ॅलनिनमध्ये ३ कार्बन, ७ हायड्रोजन, १ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन असतात, म्हणजे १३ गोळे. ग्लायसिनचे १०. एकूण २३, आणि नायट्रोजनचा एक गोळा जादा करून ठेवा. तो का, ते पुढे कळेल.

गोळे

अर्धी वाटी मैदा, पाव वाटी मीठ, लागेल तसं पाणी. पुरीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. हायड्रोजनचे गोळे सव्वा सेंटिमीटरचे, बाकी सगळे दोन सेंटिमीटरचे. वाळल्यावर रंगवा: कार्बन काळा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा. हायड्रोजन तसाच पांढरा राहू द्या.

शाडू वापरू नका, वाळताना तडकतो. रंगीत क्ले तर अजिबात नको. तो मऊच राहतो, संध्याकाळपर्यंत काड्या झुकतात आणि मेहनतीने साधलेले कोन हातचे जातात. पावसाळ्यात हा उद्योग करू नये, कारण मीठ हवेतली ओल ओढतं आणि गोळे चिकट होतात. गावाकडे ज्वारीच्या धाटातला पांढरा गर मिळत असेल तर तो या सगळ्यांपेक्षा सरस आहे. गोल होत नाही एवढंच, पण काडी अशी घट्ट धरतो की गोंदाची गरजच पडत नाही.

कार्बनचे चार हात

आता ती जागा, जिथे मीही खूप दिवस अडकले होते.

पुस्तकात कार्बन अधिकच्या चिन्हासारखा काढतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कागदावर दुसरा इलाज नसतो. पण मॉडेल करणाराही गोळ्यात त्याच चार दिशांना काड्या खुपसतो, आणि तिथेच सगळं बिघडतं. ही चूक जुनी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये क्रोके या खेळाचे चेंडू आणि दांड्या जोडून रेणू दाखवले. काळा कार्बन, लाल ऑक्सिजन हे रंग तेव्हापासून चालत आले आहेत. ती मॉडेलं मात्र सपाट होती. कार्बनचे चार हात अवकाशात चार दिशांना पसरतात ही कल्पना व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोन रसायनशास्त्रज्ञांनी, एकमेकांशी काही ठरवलेलं नसताना, १८७४ साली मांडली. कोणत्याही दोन हातांमधला कोन साधारण १०९.५ अंश.

हा कोन कोनमापकाने साधत नाही. कोनमापक सपाट, गोळा गोल, आणि काड्या तिसऱ्याच दिशेला. मी अंदाजाने काड्या टोचत असे आणि दरवेळी एक हात दुसऱ्याला चिकटल्यासारखा दिसे. मग एकदा ए-फोर कागद हाती लागला.

ए-फोर कागद एका कर्णावर दुमडा, उलगडा, दुसऱ्या कर्णावर दुमडा, पुन्हा उलगडा. दोन घड्या मध्ये जिथे छेदतात तिथे चार कोन तयार होतात, दोन अरुंद आणि दोन रुंद. कागदाच्या लांब बाजूकडे तोंड असलेला रुंद कोन म्हणजेच आपला १०९.५ अंश. हा योगायोग गणितातून येतो. ए-फोरची लांबी ही रुंदीच्या दोनाच्या वर्गमूळपट असते, आणि कार्बनच्या कोनाच्या मुळाशीही तेच वर्गमूळ आहे. म्हणून कागद ए-फोरच हवा. फुलस्केप घेतलात तर कोन चुकेल.

तो रुंद त्रिकोण कापा, जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवा आणि कोनाच्या दोन्ही भुजा आठ-आठ सेंटिमीटर ठेवून बाकीचा काढून टाका. कोनाच्या टोकाशी एक सेंटिमीटर त्रिज्येची गोल खाच कापा, म्हणजे साचा गोळ्याला बिलगून बसेल. ही खाच विसरू नका. ती नसेल तर कोनाचं टोक गोळ्याच्या मध्याशी न येता पृष्ठभागाशी येतं आणि चारही काड्या चुकतात.

आता ओल्या गोळ्यात पहिली काडी उभी टोचा, टोक गोळ्याच्या मध्याकडे. साचा लावून दुसरी टोचा. तिसरी टोचताना साचा दोनदा लावायचा, एकदा पहिल्या काडीशी आणि एकदा दुसरीशी. चौथीला तीनदा. घाई इथेच नडते. तिसरी काडी एकाच बाजूने मोजून टोचली तर चौथीला जागाच उरत नाही.

काड्या अजून कापू नका. चारही सारख्याच लांबीच्या आणि सारख्याच खोल गेलेल्या असू द्या, कारण आता कसोटी घ्यायची आहे. कोणत्याही तीन काड्यांवर गोळा तिपाईसारखा उभा करा. चौथी काडी सरळ आभाळाकडे गेली पाहिजे. मग पाय बदला, दुसऱ्या तीन काड्यांवर उभा करा. चारही प्रकारे गोळा सारखाच उभा राहिला, एकदाही कलला नाही, तर काम झालं. कलला तर कणीक ओली आहे तोवर दुरुस्त करा. मग तांदळाने भरलेल्या ताटात अलगद रुतवून ठेवा आणि सावलीत तीन दिवस वाळू द्या. उन्हात ठेवलं की भेगा पडतात.

असे तीन गोळे लागतील: अ‍ॅलनिनचे दोन, ग्लायसिनचा एक.

उरलेले गोळे

ज्या कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो तो मात्र खरोखरच सपाट असतो. तो पोळपाटावर ठेवून घड्याळातल्या बारा, चार आणि आठच्या दिशांना काड्या आडव्या टोचा. ऑक्सिजनकडे जाणाऱ्या जागी दोन काड्या शेजारी-शेजारी. नायट्रोजनला तिपाईसारख्या तीन काड्या, कोन कर्णाच्या साच्याचा; जादा नायट्रोजनला मात्र या सपाट कार्बनसारख्याच बारा, चार आणि आठच्या दिशांना एकेक काडी. बाकी गोळ्यांना ओले असतानाच भोकं पाडून ठेवा.

माप: खऱ्या रेणूतलं एक अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरचा हजार कोटींवा भाग, आपण तीन सेंटिमीटर धरू. म्हणजे गोळ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत कार्बन-कार्बन ४.६ सेंटिमीटर, मधला कार्बन-नायट्रोजन ४.४, दुहेरी बंधाचा ऑक्सिजन ३.७, हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा) ऑक्सिजन ४, कार्बन-हायड्रोजन ३.३, नायट्रोजन-हायड्रोजन आणि ऑक्सिजन-हायड्रोजन ३.

डावं की उजवं

अ‍ॅलनिनच्या मधल्या कार्बनला चार वेगवेगळे शेजारी आहेत: हायड्रोजन, नायट्रोजनचा गट (नायट्रोजन आणि त्याचे दोन हायड्रोजन), आम्लाचा गट (सपाट कार्बन, त्याचा दुहेरी बंधाचा ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल) आणि तीन हायड्रोजनवाला मिथिल गट. चारही वेगळे असले की ते दोन प्रकारे मांडता येतात, आणि त्या दोन मांडण्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. डावी चप्पल कशीही फिरवली तरी उजव्या पायात नीट बसत नाही, तसंच हे. त्यांतल्या एका मांडणीला एल म्हणतात, आणि आपल्या शरीरातली प्रथिनं एल प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. म्हणून मॉडेल एल-अ‍ॅलनिनचंच हवं.

ओळखायची रीत अशी. हायड्रोजनची काडी थेट आपल्या नाकाकडे येईल असं मॉडेल धरा. मग उरलेल्या तीन गटांवरून नजर फिरवा: आधी आम्लाचा गट (को), मग मिथिल (पुस्तकात त्या जागी आर लिहितात), मग नायट्रोजन (एन). को-आर-एन, म्हणजे कॉर्न, मका. हा क्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गेला तर मॉडेल एल आहे. उलट गेला तर कोणतेही दोन गट एकमेकांच्या जागी लावा, लगेच एल होईल.

'घड्याळाच्या दिशेने वाचा' एवढंच सांगून थांबणाऱ्यांवर माझा राग आहे. हायड्रोजन आपल्याकडे असायला हवा, हे न सांगितलेला नियम निरुपयोगी, कारण तो पलीकडे गेला की उत्तर नेमकं उलटं येतं. मी दोन वर्षं असंच उलटं मॉडेल अनेकांना दाखवत होते. एका प्रदर्शनात एका प्राध्यापकांनी ते हातात घेतलं, हायड्रोजन स्वतःकडे वळवला आणि काही न बोलता मला परत दिलं. तेव्हा मी वाचून पाहिलं: को, एन, आर. त्या दोन वर्षांत माझ्याकडून शिकून गेलेल्या मुलांचे चेहरे तेव्हा डोळ्यांसमोर आले. म्हणून आता गोंद लावण्याआधी हा क्रम मोठ्याने म्हणायला लावते.

आणखी एक गैरसमज. एल म्हणजे प्रकाश डावीकडे वळवणारं, असं नाही. पाण्यात विरघळलेलं एल-अ‍ॅलनिन ध्रुवित प्रकाश (एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश) किंचित उजवीकडेच वळवतं. एल हे मांडणीचं नाव आहे.

हा फरक जीभ-नाकालाही कळतो. कार्वोन नावाच्या रेणूची एक मांडणी पुदिन्याच्या वासाची आहे, आणि तिची आरशातली प्रतिमा बाळंतशोपेच्या तेलात सापडते. दोन्हींचे अणू तेच, संख्या तीच. बाळंतशोपा चावून लगेच पुदिन्याचं पान हुंगा.

ग्लायसिनच्या मधल्या कार्बनला दोन हायड्रोजन असतात, त्यामुळे तिथे डावं-उजवं नाहीच. म्हणूनच दुसरं अमिनो आम्ल ग्लायसिन घेतलं.

आता गोंद लावा, दोन जागा सोडून: अ‍ॅलनिनच्या आम्लगटातला हायड्रॉक्सिल आणि ग्लायसिनच्या नायट्रोजनची सगळी जोडणी.

जोडणी

अ‍ॅलनिनचा हायड्रॉक्सिल काढा. ग्लायसिनच्या नायट्रोजनवरचा एक हायड्रोजन काढून त्याला लावा. झालं पाणी; ते बाजूला ठेवा.

आता जादा केलेला नायट्रोजन. मोकळ्या अमिनो आम्लातला नायट्रोजन तिपाईसारखा असतो, पण पेप्टाइड बंधात, म्हणजे दोन अमिनो आम्लांना जोडणाऱ्या बंधात, गुंतला की तो सपाट होतो. ही पायरी मी कुठल्याच सूचनापत्रकात पाहिलेली नाही. सगळे तोच तिपाईवाला गोळा जोडतात, आणि बंध कसाही गरगर फिरतो. म्हणूनच जादा गोळ्यात बारा-चार-आठ काड्या टोचून ठेवल्या; आता तिपाईवाल्याच्या जागी तो लावा. एक काडी अ‍ॅलनिनच्या कार्बनकडे (४ सेंटिमीटर), एक ग्लायसिनच्या मधल्या कार्बनकडे, एक उरलेल्या हायड्रोजनकडे.

या बंधात दुहेरी बंधाचा काही अंश असतो, म्हणून तो सहज वळत नाही. दोन्ही मधले कार्बन, त्यांच्यामधले कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन, असे सहाही अणू एका पातळीत येतात. ऑक्सिजन एका बाजूला आणि हायड्रोजन विरुद्ध बाजूला ठेवा. मग पट्टी घेऊन दोन मधल्या कार्बनांमधलं अंतर मोजा. ११.४ सेंटिमीटरच्या आसपास आलं पाहिजे. नऊच्या आत आलं तर दोन्ही मधले कार्बन एकाच बाजूला वळलेत, नायट्रोजन अर्धा फेरा फिरवा.

या सपाटपणाला किती किंमत आहे ते अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगच्या गोष्टीत दिसतं. १९४८ साली ऑक्सफर्डमध्ये सर्दीने आजारी पडून ते अंथरुणात होते. कागदावर प्रथिनाची साखळी काढून, पेप्टाइड बंध सपाट ठेवून त्यांनी तो कागद दुमडायला सुरुवात केली, आणि त्यातून अल्फा हेलिक्सचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीच्या मळसूत्री वेटोळ्याचा, आकार निघाला. १९५१ साली तो प्रसिद्ध झाला. केंब्रिजच्या ब्रॅग, केंड्र्यू आणि पेरुट्झ यांनी १९५० साली हेलिक्सचे बरेच आकार तपासले होते, पण बंध सपाट असायला हवा ही अट त्यांनी लावली नव्हती आणि नेमका तोच आकार त्यांच्या हातून निसटला.

गोळे मोजा. २३ मधून पाण्याचे ३ गेले, २० उरायला हवेत. खऱ्या रेणूंच्या वजनानेही (हायड्रोजन अणूचं वजन १ धरून) ताळा करता येतो: अ‍ॅलनिन ८९, ग्लायसिन ७५, बेरीज १६४, त्यातून पाण्याचे १८ वजा, १४६. एक सांगायला हवं: पाण्यात अमिनो आम्लाचा हायड्रोजन आम्लगटाकडून नायट्रोजनकडे गेलेला असतो. आपण पुस्तकातलं साधं रूप घेतलं ते पाण्याचा हिशोब डोळ्यांना दिसावा म्हणून.

मॉडेल टिकलं तर पुढे तिसरं, चौथं अमिनो आम्ल जोडा. सपाट तुकडे तसेच घट्ट ठेवा आणि मधल्या कार्बनच्या दोन बाजूंच्या काड्या तेवढ्या फिरवून पाहा. काही ठिकाणी ऑक्सिजनचा लाल गोळा शेजारच्या गोळ्याजवळ इतका येतो की खऱ्या अणूंना तिथे मावायला जागा नसते. कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात आणि कोणत्या कोनांत साखळी मोकळी बसते, याचा नकाशा मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिसेखरन यांनी १९६३ साली मांडला. दोन काड्या सावकाश, दहा-दहा अंशांनी फिरवा आणि गोळे जिथे अगदी जवळ येतील तिथे वहीत फुली मारत जा.