बुरशीच्या जेनेटिक्समधे यायचंय? माझी सुरुवातीची वर्षं सांगते

आमच्या जिंतूरकडच्या रानात तूर फुलावर आली की मधूनच एखादं झाड उभ्या उभ्या वाळायचं, शेजारचं मात्र हिरवंगार. अण्णा ते उपटून खोड उभं चिरायचे, सालीखाली काळपट तपकिरी रेघ दिसायची, म्हणायचे मर लागली. ही मर म्हणजे फ्युजेरियम उडम नावाची बुरशी, जमिनीतून मुळात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या चोंदवते, हे मला बीएस्सीला कळलं. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न, की बदनापूरची बीएसएमआर 736 ही तुरीची जात मरीपुढं टिकते आणि दुसरी जात जळून जाते, तर बुरशीच्या बाजूनं यात कोणते जीन असतील?

परभणीला बीएस्सी, संभाजीनगरला एमएस्सी बॉटनी, नेट दुसऱ्या अटेम्प्टला निघाली. नेटचं फार सांगत नाही, त्यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. एवढंच सांगते की लाइफ सायन्सच्या पार्ट सी मधे टेट्राड अ‍ॅनालिसिसचे, म्हणजे एका क्रॉसमधून निघालेले स्पोअर ओळीनं बघून जीन कुठं बसलाय ते काढायचे, प्रश्न येतात, ते सोडू नका, पुढं हेच आपलं काम आहे. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी महिन्याची फेलोशिप, मी लागले तेव्हा 31 हजार होती, जानेवारी 2023 पासून 37 हजार झाली. पण जॉइन झाल्यावर कागदपत्रं होऊन पहिले पैसे हातात पडेपर्यंत काही महिने जातात, तेवढ्या खोलीभाड्याची आणि मेसची सोय आधी करून ठेवा. मला अण्णांनी सोयाबीनच्या पट्टीतून दिले होते आणि ते मी विसरलेले नाही.

पीएचडी मराठवाड्यातच केली. पहिल्याच आठवड्यात माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, तुझ्या फ्युजेरियमचं क्रॉसिंग, म्हणजे दोन कल्चरचं मीलन, लॅबमधे सहज होत नाही, मग तू जेनेटिक्स शिकणार कशावर, आधी न्यूरोस्पोरा ही दुसरी बुरशी शीक. दोन महिने हैदराबादच्या एका लॅबमधे पाठवलं. तेव्हा जिवावर आलं होतं, आता वाटतं तेच दोन महिने सगळ्यात कामाचे होते.

न्यूरोस्पोरा क्रासा म्हणजे तीच बुरशी जिच्यावर बीडल आणि टेटम यांनी 1941 साली एक जीन एक एन्झाइम, म्हणजे एकेक जीन एकेक एन्झाइम ठरवतो हे, दाखवलं आणि 1958 ला नोबेल मिळालं. त्यांनी एक्स-रे मारून एकेक कल्चर तपासत नेलं आणि बाहेरून बी6 व्हिटॅमिन दिल्याशिवाय न वाढणारा म्युटंट (जीन बदललेलं कल्चर) सापडला तो 299 नंबरला! हा आकडा मी लॅबच्या कपाटावर आतून चिकटवला होता, काम अडलं की कपाट उघडायचे.

क्रॉस कसा होतो ते सांगते. टेस्टट्यूबमधे कमी नायट्रोजनचं मीडियम, त्यात फिल्टर पेपरची पट्टी, 25 डिग्रीला कॅपिटल ए आणि स्मॉल ए असे दोन मेटिंग टाइप (एकमेकांशीच मीलन होणारे प्रकार) एकत्र आणायचे. काही दिवसांत काळे ठिपके दिसतात, ती बुरशीची फळं, त्यांच्या आत स्पोअर म्हणजे बुरशीचं बी तयार होतं, आणि दोन-अडीच आठवड्यांनी समोरच्या काचेवर काजळी उडाल्यासारखे स्पोअर येऊन बसतात. ते तसे उगवत नाहीत, 60 डिग्रीच्या पाण्यात अर्धा तास ठेवावे लागतात. कारण ही बुरशी मुळात आगीनंतर उगवणारी. आपल्याकडं उसाचं पाचट पेटवतात ना, तसल्याच जळलेल्या उसावर बंगलोरच्या आयआयएससीचे रमेश महेश्वरी यांनी तिच्या भावंड प्रजातीचं पूर्ण जीवनचक्र अभ्यासलं, त्यांचा तो पेपर जरूर वाचा, सोप्या भाषेत आहे आणि रानातून सायन्स कसं करायचं ते कळतं.

मी स्पोअरच्या रंगाचा म्युटंट साध्या स्ट्रेनशी (न बदललेल्या वाणाशी) क्रॉस केला होता. काळा ठिपका सुईनं फोडला, काचपट्टीवर दाबला, मायक्रोस्कोपखाली फुलासारखा गुच्छ उघडला, प्रत्येक पाकळीत आठ स्पोअर एका ओळीत. काहीत चार काळे चार पांढरे, काहीत दोन-दोन आळीपाळीनं, काहीत दोन-चार-दोन. पहिले म्हणजे क्रॉसिंग ओव्हर (क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल) त्या जीन आणि सेंट्रोमिअरच्या, म्हणजे क्रोमोसोमच्या कमरेच्या, मधे झालंच नाही, बाकीचे म्हणजे झालं. बारावीपासून पाठ केलेलं सगळं त्या एका थेंबात समोर होतं. मी दुपारचं जेवायला गेलेच नाही.

आता माझी चूक सांगते, ही मात्र नीट वाचा. परत येऊन मी गावोगावच्या तुरीतून फ्युजेरियम काढले, चांगले 40-45 आयसोलेट, म्हणजे एकेका झाडातून वेगळी काढलेली कल्चर. उत्साहात त्यांना दर पंधरा दिवसाला नव्या प्लेटवर घेत राहिले, म्हटलं ताजं राहील. सातआठ महिन्यांनी बघते तर कापसासारखं पांढरं वाढणारे बरेच आयसोलेट चपटे, चिकट झालेले, आणि आयसीपी 2376 या मरीला लगेच बळी पडणाऱ्या तुरीच्या रोपांवर टाकले तर रोपं ठणठणीत. फ्युजेरियम सारखं सारखं सबकल्चर केलं, म्हणजे नव्या प्लेटवर घेतलं, की बदलतं, रोग करायची ताकद जाते, हे पुस्तकात असतं पण मी मनावर घेतलं नव्हतं. त्यातच मे महिन्यात शनिवार-रविवारी लाइट गेली, कल्चर रूम 38 च्या वर, आणि न्यूरोस्पोराचे क्रॉस तर 30 च्या वर नीट होतच नाहीत, तेही गेले. सोमवारी दार उघडल्यावरचा तो वास अजून आठवतो.

त्यानंतर मॅडमनी बसवून शिकवलं. रानातून आणलं की आधी सिंगल स्पोअर कल्चर (एकाच स्पोअरपासून वाढवलेलं) करायचं, लगेच, पहिल्याच पिढीचं, निर्जंतुक केलेल्या मातीच्या ट्यूबमधे भरून फ्रिजला, एक 15 टक्के ग्लिसरॉलमधे डीप फ्रीझरला, आणि एक सेट दुसऱ्याच इमारतीत. कामाला त्यातून काढायचं, काम झालं की प्लेट टाकून द्यायची. मातीची ट्यूब लाइट गेली तरी टिकते, आणि आपल्या भागासाठी याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. लेबलवर पेन्सिलनं नंबर लिहा, पेनाची शाई ओलाव्यानं जाते.

छोट्या कॉलेजात असाल, डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन नसेल, तरी अडून बसू नका. पोटॅशियम क्लोरेटच्या मीडियमवर फ्युजेरियम लावा, त्यातून नायट्रेट न वापरता येणारे म्युटंट आपोआप फुटून येतात, कसलं रेडिएशन नको. असे दोन म्युटंट नायट्रेटच्या प्लेटवर समोरासमोर लावले, ते वेगवेगळ्या जीनचे असले आणि आयसोलेट एकमेकांशी जुळणारे असले तर मधे दाट पांढरी रेघ उभी राहते, नाहीतर दोघंही विरळ राहतात. यावरून कोणता आयसोलेट कोणत्या गटाचा, म्हणजे कुणाकुणाशी जुळणारा, ते ठरतं. माझ्या थीसिसचं अख्खं एक चॅप्टर या रेघांवर आहे, आणि त्याला लागल्या फक्त प्लेटा, केमिकल आणि ऑटोक्लेव्ह.

गाइड निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून एवढंच विचारा, तुमचे स्ट्रेन आता कुठंयत? ज्यांच्या लॅबमधे दहा वर्षांपूर्वीचा स्ट्रेन नंबरानं निघतो तिथं जा. मोठं मशीन आहे का हे नंतर.

आता मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, पगार तुटपुंजा आहे, पण दिवाळीनंतर दर शनिवारी रानोरान फिरून वाळलेली तूर गोळा करते, अण्णा पण येतात. तुम्हाला सॅम्पल पाठवायचं असेल तर बुडखा मुळासकट कापा, माती झटका आणि कागदी पिशवीत घाला. प्लास्टिकमधे घातलं की घाम सुटतो आणि लॅबला पोचेपर्यंत वर दुसऱ्याच बुरश्या चढलेल्या असतात.