ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली? दुरुस्ती करताना या चुका टाळा

चावी भरता भरता आतून ‘धाड’ असा आवाज होतो, हातावरचा जोर एकदम सुटतो आणि हँडल नुसतंच फिरत राहतं. जुना चावीचा ग्रामोफोन ज्यांच्या घरी आहे, त्यांना हा आवाज आज ना उद्या ऐकू येतोच. माळ्यावर पडलेला एचएमव्ही १०२ पोर्टेबल खाली काढला, झाकण पुसलं, हौसेने हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली आणि दुसऱ्याच गाण्याला स्प्रिंग गेली, असं पुष्कळांचं होतं. हे मॉडेल १९३१ साली बाजारात आलं. नव्वदएक वर्षांचं पोलाद कधीतरी दगा देणारच. पण स्प्रिंग तुटल्याने यंत्राचं फारसं बिघडत नाही. खरं नुकसान होतं ते नंतर, घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत. अशी यंत्रं पाहिली की जीव हळहळतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

स्प्रिंग तुटली असं धरूनच मोटर उघडणं

आधी हँडल काय सांगतंय ते बघा. हँडल कितीही फिरवलं तरी हाताला अजिबात ताण लागत नसेल, तर स्प्रिंगचं आतलं टोक मधल्या दांड्याच्या आकड्यातून सुटलं आहे किंवा तिथेच तुटलं आहे. या दोन्हींत फार फरक आहे. टोक नुसतं सुटलं असेल, तर आतला पहिला वेढा गोल तोंडाच्या पक्कडीने जरा आवळून पुन्हा आकड्यात बसवला की काम झालं. नव्या स्प्रिंगची गरजच नसते. ही साधी गोष्ट न बघता चांगली स्प्रिंग भंगारात गेलेली मी पाहिली आहे.

काही फेरे नीट बसतात, ताण येतो आणि मग आत काहीतरी निसटतं, असं वारंवार होत असेल, तर बाहेरच्या टोकाकडे संशय घ्या. ते टोक ड्रमच्या, म्हणजे स्प्रिंग ज्या गोल डब्यात बसते त्याच्या, भिंतीवरच्या एका खिळीत अडकवलेलं असतं. भोक फाटलं, की स्प्रिंग तिथून घसरत राहते.

चावी पूर्ण भरते, पण तबकडी ठेवायची थाळी फिरत नाही? मग स्प्रिंग बहुधा शाबूत आहे. वर्षानुवर्षांचं तेल गव्हर्नरच्या, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाच्या, दांड्यावर डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. आणि गाणं चालू असताना आतून ‘ठक्’ असा आवाज येऊन सूर क्षणभर हलत असेल, तर स्प्रिंगचे वेढे वाळलेल्या ग्रीसमुळे एकमेकांना चिकटून झटक्याने सुटताहेत. तिथे काम आहे ते धुऊन नवं ग्रीस भरण्याचं.

ताण उतरवल्याशिवाय हात लावणं

ही चूक बोटं आणि डोळे दोन्हींवर बेतू शकते. ग्रामोफोनची स्प्रिंग म्हणजे साधारण इंचभर रुंद आणि काही मीटर लांब अशी पोलादी पट्टी, तळहातात मावणाऱ्या ड्रममध्ये गुंडाळलेली. स्प्रिंग तुटली म्हणजे ताण संपला, असं समजू नका. दोन स्प्रिंगांच्या मोटरमध्ये एक तुटलेली असताना दुसरी पूर्ण भरलेली असू शकते. दातेरी चाक कुठे अडकलं असेल, तर एका स्प्रिंगच्या मोटरमध्येही जोर तसाच दबून राहतो.

चालू यंत्राचा ताण उतरवायचा सरळ मार्ग म्हणजे ब्रेक सोडून थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू देणं. ते शक्य नसेल, तर हँडल घट्ट धरून, हँडल मागे फिरू न देणारी अडकण हळूच बाजूला करून, अर्धा-अर्धा फेरा मागे सोडत जायचं. यासाठी दोन माणसं असलेली बरी. बऱ्याच पोर्टेबलचं हँडल आट्यांवर बसवलेलं असतं आणि उलटं फिरवलं की निघून हातात येतं, हे विसरू नका.

भरलेल्या स्प्रिंगवर गव्हर्नर कधीही काढू नये. थाळीचा वेग आवरून धरणारा तो एकटाच भाग असतो. तो निघाला, की अख्खा जोर काही सेकंदांत चाकांतून बाहेर पडतो, दाते झडतात आणि हात मध्ये असेल तर हातही. ‘जरा गव्हर्नर सैल करून बघतो’ म्हणणाऱ्याला मी नेहमी तिथेच थांबवतो.

थाळी काढताना स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. आधी तिच्या मध्यावर एखादी अडकण आहे का ते बघा, असेल तर ती काढा, मग समोरासमोरच्या दोन कडा धरून सरळ वर ओढा. नाहीच आली, तर दुसऱ्याला दांड्याच्या डोक्यावर लाकडाच्या तुकड्याने हलकेच टकटक करायला सांगा. वाकलेला दांडा सरळ करणं स्प्रिंग बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. त्या काळच्या अनेक यंत्रांत साउंडबॉक्सची (सुई बसवतात त्या आवाज काढणाऱ्या डबीची) पाठ किंवा त्याजवळचे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. वयाने ते फुगतात, त्यांना तडे जातात. हातोडीचा एक जरी ठोका बसला, तरी त्यांचे तुकडे होतात.

ड्रममधून स्प्रिंग ओढून काढणं

ड्रमचं झाकण उघडलं, की आत काळ्या मेणासारखा लगदा दिसेल आणि त्यात वेढे. जाड चामडी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पक्कडीने आतलं टोक धरून एकदम उपसलं, तर उरलेली स्प्रिंग चाबकासारखी बाहेर येते. तिच्या कडा धारदार असतात. ड्रम एखाद्या खोल बादलीत धरा, वर जाड पोतं टाका आणि आतला एकेक वेढा हळूहळू वर घेत चला. बाकीच्या वेढ्यांवर दुसऱ्या हाताचा अंगठा कायम दाबलेला राहू द्या. काढण्याआधी फोटो घ्या. वेढे कोणत्या दिशेने गुंडाळलेत हे नंतर लक्षात राहत नाही, आणि उलटी बसवलेली स्प्रिंग आकड्यात धरतच नाही.

मग स्प्रिंग रॉकेलने धुऊन पुसून काढा, जवळपास शेगडी किंवा उदबत्ती नाही ना ते बघूनच. आता ती उजेडात धरून पूर्ण लांबी तपासा. नुसती तुटलेली जागा बघून थांबू नका. कडेला गंजाचे बारीक खड्डे असतील, तर पुढची तूट तिथूनच होणार. कोकणपट्टीत आणि मुंबईत राहिलेल्या यंत्रांत हे फार दिसतं, कारण खारट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा. पोलाद वारंवार वाकतं आणि सरळ होतं, तेव्हा चीर अशाच खड्ड्यापासून सुरू होते. खड्डे पडलेली स्प्रिंग दुरुस्त करून पुन्हा घालण्यात अर्थ नाही.

मधोमध तुटलेली स्प्रिंग जोडणं

हा मोह सगळ्यांना होतो. वेल्डिंगवाला म्हणतो, ‘करून देतो, काही प्रॉब्लेम नाही.’ तो फसवत नसतो, फक्त स्प्रिंगचं पोलाद त्याच्या रोजच्या कामातलं नसतं. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळची पट्टी कुठे मऊ पडते, कुठे काचेसारखी ठिसूळ होते, आणि पहिल्या काही चाव्यांतच ती सांध्याच्या बाजूला तुटते. रिव्हेट मारून जोडलं, तर तिथे जाडी दुप्पट होते, वेढे नीट बसत नाहीत आणि भोकाभोवती नवी चीर सुरू होते. मधोमध तुटली, की नवी आणा. याला दुसरा इलाज नाही.

टोकाला तुटली असेल तर मात्र ती वाचवता येते, आणि जरूर वाचवावी. काही इंच लांबी कमी झाली तर वाजण्याच्या वेळेत जाणवण्याइतका फरक पडत नाही. इथे होणारी चूक म्हणजे कडक पट्टीवर सरळ छिन्नी-पंच मारणं. पंच तरी मोडतो किंवा पट्टीला केसाएवढी चीर जाते, जी डोळ्यांना दिसत नाही आणि महिन्याभराने आवाज करते. कारखान्यातही ही टोकं मऊ करूनच भोक पाडत. आपणही तेच करायचं: टोकाचा चार-पाच सेंटिमीटर भाग लालबुंद होईपर्यंत तापवायचा आणि राखेत किंवा कोरड्या वाळूत सावकाश निवू द्यायचा. पाण्यात बुडवायचं नाही. पाण्याने तो उलट कडक आणि ठिसूळ होतो. पुढच्या भागाला आच लागू नये म्हणून तिथे ओलं फडकं गुंडाळतात, पण ते तापलेल्या जागेच्या अगदी लगत नको. मऊ आणि कडक यांच्यातली सीमा एकदम आली, तर पट्टी नेमकी तिथेच मोडते. थोडं अंतर ठेवलं की ताव हळूहळू उतरत जातो.

जुन्या टोकावरचं भोक कसं होतं ते बघून त्याच आकाराचं पाडा. कडा बारीक कानशीने गुळगुळीत करा, भोकाला कुठेही टोकदार कोपरा ठेवू नका आणि पट्टीच्या टोकाचे दोन्ही कोपरे गोलसर घासा. आतलं टोक असेल, तर पहिला वेढा दांड्याभोवती चपखल बसेल असा वळवून घ्या. हा वेढा सैल राहिला, तर आकडा धरणार नाही आणि तुम्हाला वाटेल पुन्हा तुटली.

‘बसते ना, मग झालं’ म्हणून मिळेल ती स्प्रिंग घालणं

चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात यंत्र घेतलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. भोंग्यावर आणि पेटीवर कुत्र्याचं चित्र आहे म्हणून मोटर त्याच कंपनीची असेल, असं मुळीच नाही. चकचकीत पितळी भोंगा, नवी लाकडी पेटी आणि आत कुठल्यातरी पोर्टेबलची जुनी मोटर, अशी जोडून तयार केलेली यंत्रं भारतात ढिगाने विकली जातात. तेव्हा मॉडेलच्या नावावर स्प्रिंग मागवू नका, मोजून मागवा. रुंदी, जाडी, लांबी आणि दोन्ही टोकांचा प्रकार या चार गोष्टी हव्यात. जाडी पट्टीने मोजता येत नाही, मायक्रोमीटर लागतो. गल्लीतल्या लेथवाल्याकडे तो असतो.

जाडीबद्दल मी इतका आग्रही का आहे? स्प्रिंगचा जोर रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. जाडी फक्त दहा टक्के जास्त घेतली, तर जोर सुमारे तेहतीस टक्के वाढतो. तो सगळा भार दाते, आकडा आणि गव्हर्नरवर येतो. ‘थोडी जाड घेऊ, जास्त टिकेल’ हा विचार म्हणूनच उलटा आहे. टिकेल ती स्प्रिंग, चाकं जातील.

लांबीचंही तसंच. लांब पट्टी घातली म्हणजे जास्त वेळ वाजेल, असं नसतं. ड्रमची भिंत आणि मधला दांडा यांच्यातली साधारण अर्धी जागा स्प्रिंगने भरली, की सर्वांत जास्त फेरे मिळतात. त्याहून लांब घातली तर तिला उलगडायला जागाच उरत नाही आणि फेरे कमी होतात. भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग कापून घालणं किंवा खोक्यांना बांधतात ती लोखंडी पट्टी वापरणं, हे तर करूच नये.

चुकीचं तेल

आपल्याकडे घरात जे हाताशी असेल ते यंत्रात घालायची सवय आहे. खोबरेल थंडीत गोठतं, एरंडेल कालांतराने चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल गव्हर्नरच्या टोकांना आणि दांड्यांना उत्तम, पण ड्रममध्ये घातलं तर ते झिरपून मोटरभर पसरतं आणि वेढे कोरडे राहतात. गंज सोडवणारा फवाराही वंगण म्हणून चालत नाही. ड्रमसाठी ग्रॅफाइट मिसळलेलं मऊ ग्रीस हवं. साध्या व्हॅसलिनमध्ये ग्रॅफाइटची पूड कालवून ते घरीही करता येतं. पातळ थर प्रत्येक वेढ्याला लागला पाहिजे. ड्रम काठोकाठ भरायची गरज नाही.

नवी स्प्रिंग तारेच्या कड्यात गुंडाळून येते. ते कडं हौसेने कापू नका. कडं ड्रमच्या तोंडात मावत असेल, तर स्प्रिंग तशीच आत सरकवता येते. मावत नसेल, तर आवळून धरूनच ती काळजीपूर्वक मोकळी करा, बाहेरचं टोक आधी खिळीत अडकवा आणि एकेक वेढा हाताने आत बसवत या. हाताला दम लागतो, पण इथे घाई नको.

वेग न तपासता तबकडी लावणं

मोटर जोडली की थोड्याच फेऱ्यांची चावी भरा, मोकळी चालू द्या, पूर्ण उतरू द्या. असं काही वेळा झालं की मगच पूर्ण भरा आणि ताण जाणवला की थांबा. शेवटचा हिसका देऊन आकडा फाडू नका.

वेग मोजायला थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावा आणि एका मिनिटात ७८ फेरे होतात का ते मोजा. सुई तबकडीवर टेकलेली असतानाच मोजायचं, कारण तिच्या भाराने वेग जरा कमी होतो. वेगमापक चकती (वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्यावरच्या रेघा स्थिर दिसतात) वापरत असाल, तर आपल्या ५० हर्ट्झ विजेसाठी ७७ रेघांची हवी, आणि उजेड जुन्या पिवळ्या बल्बचा किंवा टेस्टरमधल्या निऑनचा घ्या. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत.

गाणं थरथरत असेल तर आता दोष स्प्रिंगचा नाही. गव्हर्नरवरच्या तीन वजनांना धरणाऱ्या बारीक पट्ट्या बघा. एक जरी वाकलेली किंवा तुटलेली असली, तरी तिन्ही एकदम बदला. मग नवी सुई लावा, दर बाजूला एक. झिजलेली सुई लाखेच्या तबकडीच्या खाचा खरवडते, आणि त्या खाचांतला आवाज पुन्हा मिळत नाही. वाजवून झालं, की चावी भरलेली तशीच ठेवून झाकण लावू नका. थाळी पूर्ण थांबेपर्यंत फिरू द्या आणि मगच यंत्र उचलून ठेवा.