डोंगळे फुलले, आता माशी सांभाळा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बियाण्यासाठी लावलेला कांदा आता डोंगळ्यावर, म्हणजे फुलाच्या दांड्यावर, आला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कळवण, देवळा, सटाणा, चांदवड, येवला या भागात गोंड्यांवरचा, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या फुलगुच्छांवरचा, पापुद्रा फाटून पांढरी फुलं उमलू लागली आहेत. खता-पाण्याचं बहुतेकांना नीट माहीत असतं. पण घरचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, किती निघणार, हे आता पुढच्या तीन-चार आठवड्यांत फुलावर ठरेल, म्हणून या वेळी फुलाबद्दलच.

सकाळी दव उतरलं की एक ताजं फूल तोडून तळहातावर घ्या. भिंग असेल तर उत्तमच. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधोमध हिरवट, तीन कप्प्यांचा अंडाशय. प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडं, म्हणजे एका फुलातून जास्तीत जास्त सहा बिया. पुंकेसर हा नराचा भाग. अंडाशय, त्यावरची बारीक नळी आणि तिच्या टोकाची कुक्षी हा मादीचा. दोन्ही एकाच फुलात आहेत, पण एका वेळी कामाला येत नाहीत. आधी आतल्या तीन पुंकेसरांचे परागकोष (टोकाच्या परागाच्या पिशव्या) फुटतात, मग बाहेरच्या तीनचे. हा पराग साधारण एक-दीड दिवसात झडतो. तेव्हा मधली नळी जेमतेम १ मिलिमीटरची असते. ती वाढत ५ मिलिमीटरच्या आसपास जाते आणि पराग झडून गेल्यावर कुक्षी पराग घ्यायला तयार होते. ताज्या फुलाशेजारी दोन-तीन दिवसांचं फूल ठेवा. एकात परागकोष ठसठशीत दिसतील, दुसऱ्यात ते सुकलेले आणि नळी वर आलेली.

म्हणजे ज्या फुलाचा पराग, त्याच फुलाला तो उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या फुलाकडूनच यावा लागतो, आणि वाऱ्यावर त्याचं भागत नाही. एका गोंड्यातली शेकडो फुलं एकदम उमलत नसल्याने शेतात रोज काही फुलं पराग देणारी असतात, काही घेणारी. या दोघांमध्ये ने-आण करते ती माशी: सातेरी, फुलोरी, आग्या, पेटीतली मेलीफेरा, शिवाय साध्या माश्यासुद्धा.

आणि नेमक्या याच दिवसांत आपण पंप खांद्यावर घेतो. फुलकिड्यांचा (रस शोषणाऱ्या बारीक किडींचा) बंदोबस्त पापुद्रा फाटण्याआधीच उरकायचा असतो. गोंडा फुलल्यावर लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड यांसारखी कीटकनाशकं मारू नका; फुलकिड्यांबरोबर मधमाश्याही मरतील. करपा या बुरशीच्या रोगामुळे बुरशीनाशक घ्यावंच लागलं, तर माश्या घरी परतल्यावर, सूर्य मावळल्यानंतर घ्या. शेजारच्या टोमॅटोवर किंवा द्राक्षावर फवारणी असेल तर त्यालाही वेळ सांभाळायला सांगा. माशीला बांध कळत नाही.

पेट्या आणणार असाल तर साधारण १० टक्के फुलं उमलल्यावर आणा. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं, त्यामुळे मधमाशीला तो फारसा आवडत नाही. पेट्या लवकर आल्या आणि जवळ मोहरी किंवा कोथिंबीर फुलात असली, तर माश्या तिकडचीच वाट धरतात. पेटीजवळ स्वच्छ पाणी ठेवा. पेट्या मिळत नसतील तर सकाळी दव सुकल्यावर मऊ फडकं गोंड्यांवरून हलकेच फिरवा. याने थोडा हातभार लागतो, पण माशीची सर येत नाही.

या दिवसांत रानाला पाण्याचा ताण पडू देऊ नका. ताणाने फुलातला मधुरस आटतो. पाणी हलकं द्या आणि वारा सुटला असेल तर थांबा, ओल्या जमिनीत दांडे लोळतात. तुषार संच आता बंद ठेवा, त्याने पराग धुऊन जातो.

आणखी एक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते, आणि मला ती फवारणीइतकीच महत्त्वाची वाटते. खाण्यासाठी लावलेल्या कांद्यातही काही झाडांना आता डोंगळे आले असतील. त्या झाडांमध्ये लवकर डोंगळा सोडण्याचा गुण असू शकतो. त्यांचा पराग माशीबरोबर तुमच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये आला, तर तो गुण बियाण्यात उतरतो. असे डोंगळे फुलण्याआधी मोडून टाका, शेजाऱ्याच्या रानातलेही, त्याला विचारून. दुसऱ्या वाणाचा प्लॉट जवळ असेल तरी हाच धोका. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत किमान ५०० मीटर आणि ते ज्यापासून तयार होतं त्या पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतर लागतं. लाल असो की पांढरा, बी काळंच असतं; भेसळ झाली तर ती पुढच्या वर्षी कांदा पोसल्यावरच दिसते.

भिंगातून पाहताना एखाद्या झाडाचे परागकोष सुरकुतलेले, हिरवट आणि परागाविना दिसले तर तो रोग समजू नका. ते झाड नरवंध्य, म्हणजे कामाचा पराग न देणारं, असू शकतं. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात कांद्याचं असंच एक झाड सापडलं आणि त्यातूनच पुढे संकरित कांद्याचं बी तयार करणं शक्य झालं.

पहिली फुलं उमलल्यावर दोन आठवड्यांनी वेगवेगळ्या वाफ्यांतल्या गोंड्यांमधून दहा-वीस बोंडं काढून नखाने फोडा. आत चार-पाच बिया भरत असतील तर परागीभवन चांगलं झालं आहे. एखाद-दुसरीच असेल, तर माशी कमी पडते आहे. उशिरा फुलणारे गोंडे अजून बाकी असतात, तेवढ्यासाठी पेटी वाढवा किंवा जागा बदला. मार्चचं ऊन तापायच्या आत हे करा; कोरड्या गरम वाऱ्यात कुक्षी सुकली की नंतर कितीही माश्या आल्या तरी बी धरत नाही.