जुना इंटरकॉम स्मार्ट करताय? या चुका टाळा

दारावरची बेल मोबाइलवर यावी आणि बाहेर असतानाही दार उघडता यावं, एवढ्यासाठी चालू इंटरकॉम भिंतीवरून उतरवायची गरज नसते. एक वाय-फाय मॉड्यूल, एक रिले (मॉड्यूलच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) आणि बेल ओळखायला एक ऑप्टोकपलर (वायर न जोडता प्रकाशातून संकेत पलीकडे पोचवणारा छोटा भाग), एवढ्यात काम होतं. तरीही ‘सगळं जोडलंय, पण चालत नाही’ म्हणून जे संच माझ्यासमोर येतात, त्यांत मॉड्यूल बिघडलेलं क्वचितच असतं. घाई नडलेली असते, आणि दर वेळी त्याच त्या जागी.

मोजायच्या आधी वायर कापणे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कुठल्या तरी व्हिडिओत लाल वायर बेलची असते, म्हणून आपल्याकडची लालही बेलचीच असं धरून लोक कटर चालवतात. इंटरकॉममध्ये रंगावर विसंबू नका. वायरिंग करणाऱ्याकडे त्या दिवशी जी केबल होती, तिचे रंग तुमच्या भिंतीत गेलेत.

जुने संच ढोबळमानाने दोन जातींचे असतात. पहिल्यात हँडसेटला चार-पाच किंवा त्याहून जास्त वायरी येतात: बोलण्याची, ऐकण्याची, कॉमन, दार उघडण्याची आणि प्रत्येक घरासाठी वेगळी बेलची. दुसऱ्यात फक्त दोन वायरी असतात आणि वीज, आवाज, कोणाच्या घरी बेल वाजवायची हा संदेश, सगळं त्यांवरूनच जातं. पहिल्या जातीत दाराचं बटण बहुतेक वेळा दोन वायरी एकमेकींना टेकवतं, बाकी काही करत नाही. दुसऱ्या जातीत तसं टेकवायला गेलात तर लाइन शॉर्ट होते आणि तुमच्याबरोबर त्या लाइनवरच्या इतर घरांचेही इंटरकॉम बंद पडतात. इमारतीची सामाईक यंत्रणा असेल तर तिची देखभाल करणाऱ्यांना आधी विचारा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

माझी सवय सांगतो. झाकण काढलं की आधी फोटो, तोही टर्मिनलवरचे, म्हणजे वायरी जोडायच्या जागांवरचे, आकडे वाचता येतील इतक्या जवळून. मग मल्टिमीटर घेऊन प्रत्येक टर्मिनल चार वेळा मोजायचं: सगळं शांत असताना, बेल वाजत असताना, हँडसेट उचलल्यावर आणि दाराचं बटण दाबल्यावर. प्रत्येक वेळी एसीवरही आणि डीसीवरही. आकडे कागदावर लिहायचे आणि तो कागद घडी करून हँडसेटच्या आतच ठेवायचा. याला तासभर लागतो, आणि हा तास वाचवणाऱ्यांचाच पुढे आठवडा जातो.

रिले कुठे लावायचा, हा प्रश्नही यातूनच सुटतो. दोन वायरींच्या संचात मी लाइनला हात लावत नाही. हँडसेटमधल्या दाराच्या बटणाच्या दोन पायांवर रिलेचा संपर्क सोल्डर करतो, म्हणजे हँडसेटला कोणीतरी बटणच दाबलं असं वाटतं. काही संचांत रिसीव्हर उचलल्याशिवाय ते बटण काम करत नाही. तिथे हुक स्विचसाठी, म्हणजे रिसीव्हर उचलला की बदलणाऱ्या स्विचसाठी, दुसरा रिले लागतो. ‘रिले टकटक करतोय, पण दार उघडत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं.

वीज गेली-आली की काय होतं, हे न तपासणे

ही चूक मला सर्वात गंभीर वाटते, कारण सगळं छान चाललेलं असताना ती दिसतच नाही.

एका ओळखीच्या घरी बाहेरचं दार अधूनमधून आपोआप उघडं सापडायचं. यंत्रणा कोणीतरी हॅक केली अशी घरमालकांची खात्री झाली होती. पासवर्ड बदलले, राउटर बदलला, मुलांचे फोन तपासले. ॲपच्या नोंदी पाहिल्या तर दार उघडण्याचा एकही आदेश गेलेला नव्हता. मी मॉड्यूलचा अडॅप्टर काढून परत लावला. रिले ‘टक्’ वाजला आणि कुलूप सुटलं.

मॉड्यूल ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपचं होतं आणि रिले त्याच्या डी०, म्हणजे १६ क्रमांकाच्या पिनवर होता. वीज येताच, प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधीच, ही पिन क्षणभर हाय होते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज येतं. वाय-फाय सापडलेलं नसतं, ॲप जोडलेलं नसतं, म्हणून नोंदही होत नाही. त्यात कुलूप असं, की एकदा झटका मिळाला की दार उघडून पुन्हा लावेपर्यंत ते सुटलेलंच राहतं. म्हणजे वीज गेली आणि आली, की दार नुसतं ढकललं तरी उघडणार. हे कुटुंब सुट्टीत गावाला जायचं तेव्हाही घर असंच असायचं, हे लक्षात आल्यावर त्या घरच्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

उपाय साधा आहे. रिले डी१ किंवा डी२ वर घ्या, म्हणजे ५ किंवा ४ क्रमांकाच्या पिनवर. सुरू होताना त्या शांत राहतात. रिले हाय सिग्नलवर चालणारा असेल तर पिन आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाका. प्रोग्रॅममध्ये ‘सुरुवातीला बंद’ लिहिलंय, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण प्रोग्रॅम नंतर जागा होतो. मी कुलपाच्या जागी आधी छोटा दिवा जोडतो आणि प्लग पुन्हापुन्हा काढून-लावून बघतो. दिवा एकदा जरी लुकलुकला तरी ते काम दारापर्यंत जात नाही.

दार किती सेकंद उघडं ठेवायचं, ते मोजण्याचं कामही मॉड्यूलमध्येच व्हायला हवं. ॲपने ‘चालू’ सांगितलं आणि ‘बंद’ पोचायच्या आत नेट गेलं, तर कुलपाच्या कॉइलमध्ये (तारेच्या गुंडाळीत) वीज वाहत राहते. बरीच इलेक्ट्रिक कुलपं थोड्या सेकंदांपुरतीच वीज सोसतील अशी बनवलेली असतात. ती तापून जळतात.

बेलची वायर थेट पिनला

मॉड्यूलची पिन ३.३ व्होल्टची आणि बेल १२ व्होल्टची. पुढचं सांगायला नको. मध्ये पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर आणि एक-दोन किलोओहमचा रेझिस्टर हवाच. बेल एसी असेल तर ऑप्टोकपलरच्या एलईडीला उलट दिशेने एक डायोडही (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) जोडा, कारण ती एलईडी उलट दिशेने ६ व्होल्टपर्यंतच सोसते आणि १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ च्या आसपास जातं. एसी बेल सेकंदाला ५० वेळा लुकलुकते, म्हणून शेवटच्या स्पंदानंतर थोडा वेळ थांबून मगच ‘बेल थांबली’ असं प्रोग्रॅमने मानावं. नाहीतर एका पाहुण्याच्या पन्नास सूचना येतात.

थोडक्यात

कुलूप डीसीवर असेल तर त्याच्या दोन टोकांवर उलटा डायोड लावा, १एन४००७ पुरतो. एसी कुलपावर तोच डायोड लावलात तर ट्रान्सफॉर्मर जवळजवळ शॉर्ट होतो.

मॉड्यूलला वीज इंटरकॉमच्या लाइनमधून चोरू नका. वाय-फाय सुरू होताना ते शेकडो मिलिअँपिअर ओढतं आणि हँडसेटमध्ये गुणगुण सुरू होते. ५ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर घ्या.

ईएसपी८२६६ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतं. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसणारच नाही.

तयार उपकरण विकत घेणार असाल, तर हँडसेटच्या मागचा मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या यादीत आहे का ते पैसे देण्याआधी बघा. ‘सगळ्यांना चालतं’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून मी घेत नाही.

कुलपाचा रिले बाहेरच्या बेलच्या डब्यात कधीही ठेवू नका. डबा उचकटून दोन वायरी जोडल्या की दार उघडतं, मग पासवर्ड कितीही मोठा असो.

आणि मॉड्यूलचा प्लग काढल्यावर जुनं बटण, जुनी बेल आणि किल्ली तिन्ही पूर्वीसारखी चालतात का, हे घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला स्वतःच्या हाताने करून बघायला सांगा.